तीन सेंटांचा तंबू : क्लीव्हलँडच्या टॉम जॉन्सनच्या प्रचारसभा

सभेत प्रश्न विचारायला कुणी उठलं की पुढे काय होतं, हे कोपरा सभा ऐकत वाढलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. दोन कार्यकर्ते लगबगीने जातात. एक खांद्यावर हात ठेवतो, दुसरा कानाशी लागून म्हणतो, 'साहेबांना पुढच्या सभेला जायचंय, नंतर बोलू.' माणूस खाली बसतो. सभा 'शांततेत पार पडली' असं दुसऱ्या दिवशी छापून येतं.

1894 मध्ये काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या, निवडणुकीत तिथल्या क्लीव्हलँड शहरात एका तंबूत असाच एक जण उठला. लोखंडाच्या ओतशाळेतला कामगार, संपात भाग घेतला म्हणून मालकांच्या काळ्या यादीत गेलेला, डोळ्यांत अंगार, कपाळावर काळ्या केसांची झुलपं. व्यासपीठावरच्या उमेदवाराकडे बोट रोखून त्याने तावातावाने प्रश्न विचारला. उमेदवार लक्षाधीश होता, ट्राम कंपन्यांचा आणि पोलाद कारखान्याचा मालक. त्याने त्या माणसाला खाली बसवलं नाही, वर बोलावून घेतलं. त्या कामगाराचं नाव पीटर विट. सात वर्षांनी तो त्याच उमेदवाराचा उजवा हात म्हणून शहराच्या कारभारात बसला होता.

उमेदवाराचं नाव टॉम लॉफ्टिन जॉन्सन. 1901 ते 1909 अशी चार वेळा तो क्लीव्हलँडचा महापौर झाला. अमेरिकेच्या इतिहासात साधारण 1890 च्या दशकापासून पहिल्या महायुद्धापर्यंतच्या काळाला प्रोग्रेसिव्ह पर्व म्हणतात. रेल्वे, ट्राम, गॅस आणि विजेच्या कंपन्यांनी शहरं आणि विधिमंडळं खिशात घातली होती, आणि ती सोडवून घेण्याचा हा काळ. या पर्वातल्या बऱ्याच सुधारकांनी सभागृह सोडून उघड्यावर भाषणं केली. विस्कॉन्सिनचा रॉबर्ट ला फॉलेट जिल्ह्याच्या शेतकी जत्रांतून बोलत फिरला. कॅलिफोर्नियाच्या हायरम जॉन्सनने 1910 मध्ये उघड्या मोटारीतून राज्य पालथं घातलं. मला यातलं टॉम जॉन्सनचं प्रकरण सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं, कारण त्यात जिंकणं आणि हरणं दोन्ही आहे आणि दोन्हीचं मूळ त्या एकाच तंबूत आहे.

माणूस

जॉन्सनचा जन्म 1854 चा, केंटकीतला. वडील यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढले आणि युद्ध संपलं तेव्हा घर कफल्लक झालं. व्हर्जिनियातल्या स्टाँटन गावी तेव्हा रेल्वेची एकच गाडी यायची. अकरा वर्षांच्या टॉमची तिच्या कंडक्टरशी गट्टी जमली, आणि या एकट्या पोरालाच गाडीवर वर्तमानपत्रं आणू द्यायची असं कंडक्टरने ठरवलं. दुसरा विकणारा नसल्यामुळे भाव पोराच्या मर्जीचा. पाच आठवड्यांत त्याने 88 डॉलर कमावले. मग कंडक्टर बदलला आणि धंदा बसला. मक्तेदारी म्हणजे काय, ती कुणाच्या मेहेरबानीने मिळते आणि ती गेली की काय होतं, हा धडा त्याने असा गिरवला.

पुढे लुइव्हिलच्या ट्राम कंपनीत नोकरी लागली. तिथे त्याने काचेची भाडेपेटी तयार केली. उतारूने टाकलेलं नाणं काचेतून दिसायचं, त्यामुळे कंडक्टरला पैसे खिशात घालता येत नसत. त्या पेटीच्या पैशांतून त्याने इंडियानापोलिसची ट्राम घेतली. 1879 मध्ये तो क्लीव्हलँडला आला आणि तिथल्या ट्रामच्या परवान्यांसाठी मार्क हॅनाशी त्याची झुंज लागली. हा हॅना म्हणजे 1896 मध्ये मॅकिन्लीला राष्ट्राध्यक्षपदापर्यंत नेणारा, रिपब्लिकन पक्षाचा सूत्रधार.

पैसा जोरात येत असतानाच, 1883 मध्ये, रेल्वेच्या प्रवासात हेन्री जॉर्ज या अर्थचिंतकाचं एक पुस्तक त्याच्या हातात पडलं. जॉर्जचं म्हणणं साधं होतं. जमिनीची किंमत मालकाच्या कष्टाने वाढत नाही, भोवती वस्ती वाढते म्हणून वाढते. तेव्हा ती वाढ करातून समाजाकडे परत यावी आणि बाकीचे कर कमी व्हावेत. जॉन्सनने वकिलाला सांगितलं, यातली चूक दाखव. वकिलाला दाखवता आली नाही. जॉन्सन जॉर्जला जाऊन भेटला आणि त्याचा अनुयायी झाला. राजकारणात उतर, भाषणं कर, हा जॉर्जचाच आग्रह. आपल्याला बोलता येत नाही, असं जॉन्सन म्हणत राहिला. पुढे शहरातल्या सगळ्यात गाजलेल्या सभा त्याच्याच झाल्या, तरी त्याचं बोलणं अलंकारिक कधीच झालं नाही. हिशेब मांडणाऱ्या माणसासारखा तो बोलायचा.

तंबू का

1900 च्या जनगणनेत क्लीव्हलँडची लोकसंख्या 3,81,768 होती, देशातलं सातव्या क्रमांकाचं शहर. पोलाद, तेल, गोदी. जर्मन, आयरिश, चेक, पोलिश, हंगेरियन, स्लोव्हेन कामगारांच्या वस्त्या शहराच्या टोकांना पसरलेल्या. मोठी सभागृहं मध्यवस्तीत होती. वस्त्यांमधली छोटी सभागृहं कुणाच्या ना कुणाच्या मालकीची, आणि मालकावर कंपनीचं किंवा पक्षाचं दडपण आलं की ती ऐनवेळी मिळत नसत. सभागृहात आणखीही एक अडचण. तिथे जायचं तर कपडे बदलून जावं लागतं, आणि ज्या पक्षाची सभा त्या पक्षाचेच लोक जातात. रिपब्लिकन मतदार डेमोक्रॅटिक सभेच्या दारातून आत शिरला की चार डोळे त्याला टिपतात.

काँग्रेसच्या निवडणुकांपासूनच जॉन्सनने सर्कशीला असतो तसा मोठा कापडी तंबू वापरायला सुरुवात केली होती. एखाद्या वस्तीतल्या मोकळ्या जागेवर तो उभारायचा, दुसऱ्या दिवशी पुढच्या वस्तीत. विरोधकांना सर्कस म्हणून हिणवायला आयता विषय मिळाला. जॉन्सनचं मत वेगळं होतं आणि ते त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. तंबूत माणूस मोकळा होतो. कामावरून परतताना आहे त्या कपड्यांत कामगार आत डोकावतो. कनातीच्या कडेला उभा राहतो, पटलं नाही तर निघून जातो, कुणाला खटकत नाही. कुठल्याही पक्षाचा माणूस येतो. बायका येतात. त्यांना तेव्हा ओहायोत शाळा मंडळाच्या निवडणुकीपलीकडे मत नव्हतं, तरी घरखर्चातून ट्रामचं भाडं काढणाऱ्या त्याच होत्या.

यात्रेतल्या तमाशाच्या फडात किंवा टुरिंग टॉकीजच्या तंबूत जो बसला आहे त्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. कापडाच्या भिंतीला आतलं आणि बाहेरचं नीट वेगळं करता येत नाही, आणि प्रचारकाला हवं असतं ते नेमकं हेच.

ध्वनिवर्धक तेव्हा नव्हते. मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा तर वाक्यं आखूड ठेवावी लागत आणि वक्त्याला थांबत थांबत बोलावं लागे. हा थांबा मला फार महत्त्वाचा वाटतो. वक्ता थांबला की ऐकणाऱ्याला तोंड उघडता येतं. जॉन्सन त्या थांब्यात प्रश्न मागायचा. कुणी टोमणा मारला तरी तो प्रश्न समजून उत्तर द्यायचा. सभेत उठून अडवणं हे राजकीय शिक्षणाचं सगळ्यात मोलाचं साधन आहे, असं त्याचं ठाम मत होतं. आपल्या शहराच्या प्रश्नांची जितकी जाण क्लीव्हलँडच्या मतदाराला आहे तितकी देशात क्वचितच कुठे असेल, असा त्याचा अभिमान होता, आणि याचं श्रेय तो वर्तमानपत्रांना न देता तंबूला देत असे.

तंबूत काय बोलायचे

1 एप्रिल 1901 ला तो महापौर म्हणून सुमारे सहा हजार मतांनी निवडून आला. तीन मागण्या होत्या. शहराचा कारभार शहराकडे, करआकारणी न्याय्य, आणि ट्रामचं भाडं पाच सेंटांवरून तीन सेंट. सूत्रं हातात घेण्याची वाटही त्याने पाहिली नाही. सरोवराकाठची मोक्याची जमीन रेल्वे कंपन्यांच्या घशात घालणारा ठराव कोर्टाच्या मनाई हुकुमाने अडला होता आणि हुकुमाची मुदत संपत आली होती. जॉन्सनने घाईघाईने शपथ घेतली आणि ठराव रोखला.

कर हा विषय सभेत मांडणं अवघड. कुणालाही त्यात झोप येते. इथे पीटर विट कामाला आला. नव्या महापौराने करांची एक शाळाच काढली आणि विटला तिच्यावर नेमलं. प्रत्येक वॉर्डाचे नकाशे बनवले, रस्त्यागणिक, जागेगणिक मूल्यांकन मांडलं. मग शेजारी शेजारी असलेल्या दोन सारख्या जागांवर कर वेगळा का, हे लोक आपल्या डोळ्यांनी पाहू लागले. छोट्या घरमालकाचं घर जवळजवळ पूर्ण किमतीला धरलेलं, आणि रेल्वे, ट्राम, गॅस कंपन्यांची मालमत्ता खऱ्या किमतीच्या अंशाला. आकडा ऐकणं वेगळं आणि आपल्या गल्लीच्या नकाशावर आपलं घर शोधणं वेगळं. घर सापडलं की माणूस पुढचं आपणहून विचारतो. 1902 च्या अखेरीस कोर्टाने ही शाळा बंद पाडली. तोवर लोकांना नकाशा वाचता यायला लागला होता.

भाड्याचं गणित तर तंबूसाठीच जन्मलं होतं. ते आपणही मांडून पाहू. कामगार रोज दोनदा ट्रामने जातो, वर्षाचे 300 दिवस. म्हणजे 600 फेऱ्या. पाच सेंटांनी 30 डॉलर, तीन सेंटांनी 18 डॉलर. घरात कमावते दोघं असतील तर फरक 24 डॉलरचा. पुढे कंपनीने तडजोड म्हणून पाव डॉलरला सात तिकिटं देऊ केली, तेव्हा एक फेरी साडेतीन सेंटांच्या जरा वर गेली आणि वर्षाचा खर्च 21 डॉलर 43 सेंट. कंपनी म्हणायची, बघा, आम्ही जवळपास खाली आलो. जॉन्सनचं उत्तर असं, की उरलेला अर्धा सेंट ट्राम चालवण्यासाठी लागत नाही, तो फुगवलेल्या शेअरवर लाभांश देण्यासाठी लागतो. कंपनीने रूळ, तारा आणि डब्यांवर प्रत्यक्ष जितका पैसा घातला त्याहून कितीतरी जास्त किमतीचे शेअर आणि रोखे बाजारात काढले होते. ती जास्तीची किंमत फक्त परवान्याची, म्हणजे शहराच्या रस्त्यावर एकट्याने धंदा करण्याच्या हक्काची. आणि रस्ता तर लोकांचाच.

ऐकणाऱ्यांतून कुणीतरी विचारणारच, तुम्हाला हे इतकं कसं ठाऊक? विरोधकांचा हा हुकमी एक्का होता. हा माणूस स्वतः ट्रामवाला, याने स्वतः असेच शेअर फुगवले, हा आता साधू झाला का? जॉन्सन नाकारायचा नाही. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक, हे तो जणू स्वतःच्या तोंडाने कबूल करायचा. मी हा धंदा केला आहे, यात पैसा कुठून येतो ते मला माहीत आहे, आणि कायदा असाच राहिला तर दुसरा कुणीही हेच करेल. हे त्याच्या भाषणातलं सगळ्यात ताकदीचं ठिकाण आहे असं मला वाटतं. आरोप लपवून ठेवला असता तर तोच तंबूतला पहिला प्रश्न झाला असता.

तंबू गावाबाहेर गेला तेव्हा

1902 मध्ये जॉन्सनने तंबू ओहायोभर नेला. स्वतः लाल रंगाच्या विंटन मोटारीतून फिरायचा. लोक तिला 'रेड डेव्हिल' म्हणत. पुढच्या वर्षी तो राज्यपालपदासाठी उभा राहिला आणि मायरन हेरिककडून लाखाहून अधिक मतांनी हरला.

माणूस तोच होता, तंबूही तोच, आणि गर्दीही होत होती. फसलं ते विषयामुळे. ट्रामच्या भाड्याचं शेतकऱ्याला काय? आणि हेन्री जॉर्जचा जमिनीवरचा कर ज्याची सगळी पुंजीच जमीन आहे त्याच्या छातीत धडकी भरवणारा. शहरातल्या मोक्याच्या भूखंडाची किंमत आणि शेताची किंमत यात फरक आहे, हे समजावायला एका संध्याकाळचा मुक्काम पुरत नाही. क्लीव्हलँडमध्ये तो वस्तीत परत परत जाऊ शकत होता, गावोगाव फिरताना ती सोय नव्हती. तंबूची जादू पुन्हा येण्यात होती, हे या पराभवावरून दिसतं.

राज्य पातळीवर आणखीही मार बसला. 1902 च्या जूनमध्ये ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने क्लीव्हलँडच्या कारभाराची सनदच घटनाबाह्य ठरवली. तीन सेंटांच्या ट्रामविरुद्ध कंपन्यांनी एकामागून एक मनाई हुकूम आणले, पन्नासहून अधिक. 1903 मध्ये शहरातल्या दोन मोठ्या ट्राम कंपन्या एक झाल्या. लोक आधी त्यांना 'बिग कॉन' आणि 'लिटल कॉन' म्हणत, आता एकत्र कंपनीला 'कॉनकॉन' म्हणू लागले. या सगळ्या काळात जॉन्सन दर निवडणुकीला वस्त्यांमध्ये जाऊन खटला कुठवर आला हे सांगत राहिला. 1905 मध्ये लिंकन स्टेफन्स या शोधपत्रकाराने त्याला देशातल्या सर्वोत्तम कारभाराच्या शहराचा सर्वोत्तम महापौर म्हटलं. उद्यानांतल्या 'गवतावर चालू नका' या पाट्या त्याने काढून टाकल्या होत्या. मला त्यात तंबूचंच तत्त्व दिसतं.

1 नोव्हेंबर 1906 ला तीन सेंटांची पहिली गाडी रुळावर आली. ती महापौराने स्वतः हाकली.

1907 : लॅटिन आणि पाव डॉलर

1907 च्या निवडणुकीत रिपब्लिकनांनी काँग्रेसमधला वजनदार सदस्य थिओडोर बर्टन याला उतरवलं. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टचा त्याला पाठिंबा होता. जॉन्सन आणि बर्टन जुने प्रतिस्पर्धी. 1888 मध्ये बर्टनने काँग्रेसच्या जागेवर जॉन्सनला हरवलं होतं, 1890 मध्ये जॉन्सनने बर्टनला. बर्टन विद्वान, बंदरं आणि जलमार्गांचा जाणकार, अभ्यासू वक्ता. उमेदवारी स्वीकारताना त्याने शेवट लॅटिनमध्ये केला: फासे टाकले गेले आहेत, हे ज्युलियस सीझरचं वचन. क्लीव्हलँडच्या ओतशाळांतले लोक ते एकमेकांना सांगून हसले.

मला बर्टनची कीव येते, कारण माणूस लहान नव्हता. पण तो ज्या शहरात उभा होता तिथले मतदार सहा वर्षं तंबूत बसून ट्रामच्या शेअरचा हिशेब शिकलेले होते. पाव डॉलरला सात तिकिटांची तडजोड बर्टनला मान्य होती. ही तडजोड कुणाच्या फायद्याची, हे विचारणारे लोक आता प्रत्येक वॉर्डात होते. जॉन्सनने समोरासमोर वादाचं आव्हान दिलं, बर्टनने टाळलं. जॉन्सन नऊ हजारांवर मतांनी जिंकला.

त्यानंतर 1908 च्या सुरुवातीला शहर आणि कंपनी यांच्यात वाटाघाटी झाल्या त्यासुद्धा उघड. कंपनीच्या बाजूने बँकर फ्रेड गॉफ, शहराच्या बाजूने जॉन्सन, आणि प्रत्येक रुळाची, प्रत्येक डब्याची किंमत जाहीर बैठकांत मोजायची. शंभर डॉलर दर्शनी किमतीचा कंपनीचा शेअर 55 डॉलर धरून व्यवहार ठरला. ज्या 'पाण्याबद्दल', म्हणजे शेअरच्या फुगवलेल्या किमतीबद्दल, तंबूत सात वर्षं बोलणं झालं, ते इथे आकड्यात दिसलं. शहराच्या वतीने म्युनिसिपल ट्रॅक्शन कंपनीने ट्राम चालवायला घेतल्या. 28 एप्रिल 1908 ला सगळ्या शहराने दिवसभर फुकट प्रवास केला.

सहा महिने

इथून पुढचं लिहिताना मला वाईट वाटतं, पण प्रकरणाचा गाभा इथेच आहे.

आतापर्यंत जॉन्सन कंपनीच्या विरोधात बोलत होता. आता ट्राम त्याची. गाडी उशिरा आली तर दोष जुन्या कंपनीवर ढकलता येत नव्हता. तीन सेंटांत हिशेब बसवायचा म्हणून काही फेऱ्या आणि थांबे कमी झाले, मार्ग बदलले. लोकांच्या रोजच्या सवयीला धक्का बसला. नुकतीच 1907 ची आर्थिक मंदी येऊन गेली होती. मे महिन्यात संप झाला. जुन्या कंपनीने कामगारांना परवान्याच्या नूतनीकरणावर पगारवाढीचं वचन दिलं होतं, नव्या चालकांनी ते मानायला नकार दिला. रुळांवर सुरुंग लावण्याचे प्रकार घडले. संप मोडला, पण बाहेर पडलेले कामगार घरोघर अर्ज घेऊन फिरले. नव्या कायद्यात पुरेशा सह्या मिळाल्या तर अशा परवान्यावर लोकांचं मत घेण्याची तरतूद होती. जुन्या कंपनीच्या बाजूच्या लोकांनाही ते हवंच होतं.

22 ऑक्टोबर 1908 ला मतदान झालं. पाऊण लाखांहून अधिक लोकांनी मत दिलं. व्यवस्था 605 मतांनी फेटाळली गेली.

अभ्यासक याची कारणं देतात: संप, कमी झालेल्या फेऱ्या, व्यवस्थापनाचा हटवादीपणा, विरोधी पैसा. सगळी खरी आहेत. मला त्यात एक आणखी दिसतं. जॉन्सनने पंधराएक वर्षं लोकांना एकच सवय लावली होती, की समोर उभ्या माणसाला विचारा, हिशेब मागा, पटलं नाही तर उठून जा. ऑक्टोबरात लोकांनी तेच केलं. फक्त आता समोर उभा माणूस जॉन्सन होता. आणि त्या सहा महिन्यांत महापौर विचारणाऱ्याच्या बाजूला उभाच नव्हता. तो कचेरीत, वेळापत्रकात आणि कोर्टात अडकला होता. संपकऱ्यांच्या प्रश्नाला त्याच्या बाजूने जे उत्तर गेलं ते कंपनीच्या उत्तरासारखं होतं: करार आमचा नव्हे. 1894 मध्ये उठलेल्या ओतशाळेच्या कामगाराला त्याने वर बोलावलं होतं. 1908 च्या कामगारांना त्याच्या माणसांनी दार दाखवलं. 605 मतं म्हणजे एका तंबूतल्या गर्दीएवढीसुद्धा नव्हेत.

त्याच्या विरोधकांनी याला लोकांचा कृतघ्नपणा म्हटलं नाही. पण त्याच्या काही चाहत्यांनी म्हटलं, आणि तिथे माझं त्यांच्याशी जमत नाही. ज्यांना वर्षाला बारा डॉलर वाचणार होते त्यांतल्या हजारोंनी विरोधात मत दिलं, ते बारा डॉलर कळले नाहीत म्हणून नव्हे. थांब्यावर पावसात उभं राहावं लागत होतं म्हणून. तंबूत तीन सेंटांचं गणित होतं, थांब्यावरच्या वीस मिनिटांचं नव्हतं. दर जितक्या बारकाईने समजावला तितक्याच बारकाईने बदललेलं वेळापत्रक वस्तीत जाऊन समजावलं असतं, निदान तक्रारी ऐकून घेतल्या असत्या, तर 605 मतं फिरवणं अवघड नव्हतं. जिंकल्यावर तंबूची गरज जास्त होती.

1909 च्या नोव्हेंबरात हर्मन बेअर या रिपब्लिकन उमेदवाराने जॉन्सनला चार हजारांहून कमी मतांनी हरवलं. तोवर जॉन्सनची तब्येत ढासळली होती आणि संपत्तीही गेली होती. फेब्रुवारी 1910 मध्ये न्यायाधीश रॉबर्ट टेलर यांनी आखलेला नवा परवाना लोकांनी मंजूर केला. कंपनी खाजगी राहिली, पण भाडं खर्चाशी बांधलं गेलं, नफ्याला मर्यादा आली आणि देखरेख शहराची. सुरुवातीचं भाडं ठरलं तीन सेंट. जॉन्सनने ते पाहिलं. 10 एप्रिल 1911 ला तो गेला. ब्रुकलिनच्या ग्रीनवुड दफनभूमीत हेन्री जॉर्जच्या जवळ त्याला पुरलं. क्लीव्हलँडच्या पब्लिक स्क्वेअरमध्ये त्याचा पुतळा आहे, हातात जॉर्जचं पुस्तक.

त्याचा कायदा सल्लागार न्यूटन बेकर 1912 मध्ये महापौर झाला, आणि शहराचा ट्राम आयुक्त म्हणून त्याने नेमला तो पीटर विट. विटने थांब्यावरच्या खोळंब्याकडे पाहिलं. गाडीत चढताना पैसे द्यायचे म्हणून दारातच रांग अडते, त्यात मिनिटं जातात. त्याने डब्याची नवी रचना आखली. पुढच्या दाराने चढायचं, कंडक्टर डब्याच्या मध्यावर बसणार, त्याच्यापाशी भाडं द्यायचं, उतरायचं मधल्या दाराने. चढणाऱ्यांची रांग आत ओढली जाते आणि गाडी लगेच सुटते. ही रचना अमेरिका-कॅनडाच्या अनेक शहरांनी उचलली, नंतर इटलीनेही. क्लीव्हलँडच्या रस्त्यांवरची शेवटची ट्राम 1954 मध्ये बंद झाली. मिलानमध्ये 1920 च्या दशकाच्या अखेरीस बनलेल्या पीटर विट पद्धतीच्या ट्राम आजही रोज उतारू घेऊन धावतात.